देठ कुठे, फूल कुठे

शेतकऱ्यांच्या बाजारात एखादं न पाहिलेलं फळ हातात आलं की नजर आधी रंगावर जाते आणि मग आकारावर. दोन्हींवर फार विसंबू नये. रंग एकाच जातीत हिरव्यापासून जांभळ्यापर्यंत काहीही असू शकतो, आणि आकार तर माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करत हवा तसा ताणलेला असतो. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही वनस्पतिशास्त्राच्या लेखी एकच जात आहे, हे त्यांच्याकडे बघून कुणाला सुचणार? माणसाच्या या हौसेतून सहसा सुटतात त्या दोन जागा. फळ झाडाला जिथे लटकलं होतं ती एक, आणि त्याचं फूल जिथे सुकून गळालं ती दुसरी. ओळख तिथून सुरू करावी.

फळ म्हणजे फुलातल्या अंडाशयाचं वाढलेलं रूप, एवढं शाळेत शिकलेलं असतं. त्यापुढची गोष्ट बाजारात कामाला येते. काही फुलांत अंडाशय पाकळ्यांच्या वर बसतो. अशा फुलाची हिरवी निदलं, म्हणजे पाकळ्यांबाहेरची छोटी पानं, फळाच्या देठापाशीच राहतात. टोमॅटोवरची हिरवी चांदणी, वांग्याची टोपी ही तीच निदलं. काही फुलांत अंडाशय पाकळ्यांच्या खाली असतो. तिथे फुलाचे अवशेष देठाच्या बरोबर विरुद्ध टोकाला सापडतात: डाळिंबाचा मुकुट, पेरूच्या बुडाशी सुकलेली पानं, सफरचंदाच्या तळखळग्यातला काळा चुरा, काकडीच्या टोकाचा गोल वण. फळ उलटसुलट करून एवढं पाहिलं तरी कितीतरी कुळं बाद होतात.

पेपिनो नावाचं फळ घ्या. पिवळसर सालीवर जांभळे पट्टे, मुठीएवढा आकार, वास आणि गर दोन्ही खरबुजाची आठवण करून देणारे. बघणारा पैजेवर त्याला काकडी-भोपळ्याच्या कुळात घालेल. पण देठाशी पाच टोकांची हिरवी टोपी असते आणि दुसरं टोक गुळगुळीत असतं. खरबुजाला अशी टोपी कधीच नसते. पेपिनो वांग्या-टोमॅटोच्या कुळातलं, मूळचं अँडीज पर्वताच्या भागातलं. फेइजोआची गंमत उलटी आहे. हिरवं, अंड्याएवढं, लांबून एखाद्या लिंबासारखं वाटणारं हे फळ फिरवलं की दुसऱ्या टोकाला चार निदलांचा छोटा मुकुट दिसतो. तो लिंबाला नसतो, पेरूच्या कुळात असतो, आणि फेइजोआ त्याच कुळातलं आहे. लिंबूवर्गीय आहे की नाही हे ठरवायची आणखी सोपी खूण म्हणजे सालीवर हलकेच नख ओढणं. त्या वर्गातल्या फळांच्या सालीत तेलाचे बारीक ठिपके भरलेले असतात आणि ओरखड्यासरशी वास सुटतो. बोटांसारखे फाटे फुटलेलं, आत जवळजवळ नुसतं पांढरं अस्तर असलेलं ‘बुद्धाचा हात’ हे फळसुद्धा नख लागताच आपलं कुळ सांगून टाकतं.

निदलं दिसली की मोजावीत. वांग्याच्या कुळात ती साधारण पाच असतात. पर्सिमनला चार, जाड आणि फळाला घट्ट धरून बसलेली. मंगोस्टीनलाही वर चार जाड निदलं, पण त्याची खरी खूण खाली आहे. बुडाशी सुकलेल्या कुक्षीची, म्हणजे फुलातल्या पराग धरणाऱ्या टोकाची, छोटी नक्षी असते, फुलासारखी. तिच्या पाकळ्या मोजा, आत तेवढ्याच पांढऱ्या फोडी निघतात. फळ न फोडता आतला हिशेब इतका चोख सांगणारी खूण विरळाच.

कधीकधी निदलंच वाढून कागदी पिशवी होतात आणि फळ त्यांच्या आत लपतं. पिशवी दिसली की कुळ वांग्याचं आणि प्रजाती बहुतेक फायसॅलिस, इथपर्यंत पोचता येतं. पुढे पिशवी सोलावी. फळ पिशवी भरून टाकत असेल, हिरवं किंवा जांभळट असेल आणि बोटांना चिकट लागत असेल तर ते टोमॅटिलो. ते शिजवून किंवा वाटून आंबटपणासाठी वापरायचं. फळ पिशवीत सैल खुळखुळत असेल, सोनेरी आणि गुळगुळीत असेल तर ती केप गूजबेरी, म्हणजे रसभरी. ती पिकल्यावर तशीच खातात. पिशवीच भडक केशरी-लाल असेल तर ते शोभेचं झाड असण्याची शक्यता मोठी. ते पुष्पगुच्छासाठी ठेवलेलं असतं, खाण्यासाठी नव्हे. यांपैकी कुठलंही फळ पूर्ण तयार होण्याआधी खाऊ नये.

भोपळ्यांचा ढीग हा मात्र वेगळाच प्रांत आहे. लांब, गोल, चपटे, गाठाळ, पट्ट्यापट्ट्यांचे, पगडीच्या आकाराचे असे भोपळे एकाच टेबलावर असतात आणि नावांचा सुकाळ असतो. इथे साल आणि आकार विसरून जावा आणि फक्त देठ बघावा. कुकुर्बिटा प्रजातीत लागवडीच्या मुख्य जाती तीन, आणि तिघींचे देठ स्वच्छ वेगळे. कुकुर्बिटा मॅक्सिमाचा देठ गोल, फुगीर आणि बुचासारखा मऊ असतो, नख रुततं. हबर्ड भोपळे आणि जत्रेतल्या स्पर्धेत मिरवणारे अजस्र भोपळे हे मॅक्सिमा. कुकुर्बिटा मोस्काटाचा देठ कडक, पाच धारांचा, आणि फळाला टेकतो तिथे पसरट होत जाणारा. बटरनट हा मोस्काटा. कुकुर्बिटा पेपोचा देठही कडक आणि पाच धारांचाच, पण त्याच्या खाचा खोल, अंग खरखरीत आणि फळापाशी पसरण फारच थोडी. झुकिनी, एकॉर्न, स्पॅगेटी भोपळा, कंगोरेदार चपटी पॅटीपॅन, आणि शोभेचे बरेचसे चिमुकले भोपळे हे सगळे पेपो.

ही विभागणी स्वयंपाकातही उपयोगी पडते. पेपोमधली झुकिनी आणि पॅटीपॅन कोवळी असतानाच खायची, साल मऊ आणि बिया न धरलेल्या. मॅक्सिमा आणि मोस्काटा सहसा पूर्ण जून, साल टणक झाल्यावर तोडतात आणि ते महिनोन्‌महिने टिकतात, पण देठ शाबूत असेल तरच. देठ तुटलेल्या जागेतून बुरशी शिरते. म्हणून देठाला धरून उचललेला, देठ डुगडुगणारा भोपळा साठवणीसाठी घेऊ नये.

आणि पेपोबाबत एक धोका आहे, जो ओळख पटवण्याइतकाच महत्त्वाचा आहे. या कुळाच्या रानटी झाडांत कुकुर्बिटासिन नावाची अतिशय कडू द्रव्यं असतात. लागवडीच्या वाणांतून ती निवड करत करत काढून टाकलेली आहेत, शोभेच्या भोपळ्यांतून मात्र नाहीत. झुकिनीशेजारी शोभेचा भोपळा लावला आणि मधमाशीने पराग इकडून तिकडे नेला तर त्या वर्षीच्या झुकिनीला काहीच होत नाही, कारण फळाचा गर आईचाच असतो. बी मात्र संकरित होतं. ते घरी राखून पुढच्या वर्षी पेरलं की दिसायला साळसूद आणि चवीला विषारी कडू फळ येऊ शकतं. शिजवून हा कडूपणा जात नाही. उलट्या, जुलाब, पोटात तीव्र कळा असा त्याचा परिणाम होतो. म्हणून स्वतः राखलेल्या बियाण्याची किंवा उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाची फळं असतील तर शिजवण्याआधी कच्च्या गराचा कण जिभेच्या टोकाला लावावा. कडू लागला तर थुंकून टाकावा आणि आख्खं फळ फेकावं. हाच नियम काकडीला आणि दुधीला लागू आहे. कारल्याचा कडूपणा वेगळ्या जातीचा आणि अपेक्षित असतो, तो इथे मोजू नये.

फळ विकत घेतलं की पहिला काप आडवा द्यावा. उभा काप सुंदर दिसतो, माहिती आडव्यात जास्त मिळते. काकडी-भोपळ्याच्या कुळात तीन भाग दिसतात, बिया चपट्या. शिंगं फुटलेल्या केशरी किवानोतही हिरव्या गरात काकडीच्याच बिया निघतात. सफरचंदाच्या नातलगांत पाच कप्प्यांची चांदणी दिसते. क्विन्स हे दिसायला गाठाळ पिवळ्या नाशपातीसारखं, अंगावर पुसली जाणारी लव असलेलं फळ. त्याच्या एकेका कप्प्यात बियांची दाटी असते आणि त्या ओल्या झाल्या की बुळबुळीत होतात, सफरचंदाच्या कप्प्यात मात्र साधारण दोनच. क्विन्स कच्चं खाऊन बघणाऱ्याचा हिरमोड होतो, कारण ते दगडासारखं आणि तुरट. साखरपाण्यात मंद आचेवर तास-दोन तास ठेवलं की गर गुलाबी होतो आणि वास घरभर पसरतो. टोमॅटोसारखंच लाल, खाचदार फळ कापल्यावर आत रसाऐवजी कोरडा पांढरा स्पंजसारखा गर आणि बियांची गर्दी निघाली तर ते आफ्रिकेतलं लाल वांगं. ते कोशिंबिरीत घालायचं नाही, शिजवायचं. चिवट सालीच्या आत एकच तुकतुकीत बी आणि तिला वेढणारा पारदर्शक गर म्हणजे लिची, रंबुतान, लाँगन यांचं घर. सालीवर केस असतील तर रंबुतान, तपकिरी गुळगुळीत साल असेल तर लाँगन. सालीवर खवले किंवा डोळे, आत गराच्या अनेक फोडी आणि फोडीगणिक एकेक बी असेल तर सीताफळाचे भाऊबंद. त्यांच्या बिया विषारी असतात आणि मिक्सरमध्ये गरासोबत दळल्या जाण्याचा धोका असतो, तेव्हा त्या आधी हाताने वेचाव्यात.

जमिनीखालच्या गोष्टींना ना निदलं, ना फुलाचा वण. तिथे प्रश्न वेगळा: हे मूळ आहे की खोड? खोडाला डोळे किंवा पानांच्या खुणा असतात, मुळाला त्या नसतात. बटाट्याला डोळे आहेत म्हणून तो खोड. रताळ्याच्या अंगावर फक्त बारीक मुळ्यांच्या खुणा, म्हणून ते मूळ. नवलकोलावर चहूबाजूंनी पानांच्या देठांचे वण असतात, कारण तो जमिनीच्या वर फुगलेला खोडाचा गोळा आहे. सलगमाची सगळी पानं थेट माथ्यातून निघतात. त्याच्यासारखाच पण माथ्याशी जाड मान आणि त्या मानेवर पानांच्या वणांच्या कड्या असलेला, बहुतेकदा आतून पिवळा कंद म्हणजे रुटाबागा. पार्सनिप आणि मुळांसाठी लावलेली पार्सली तर इतकी सारखी दिसतात की विक्रेतेही गोंधळतात. माथ्याकडे बघावं. पार्सनिपची पानं खोलगट वाटीतून निघतात, पार्सलीची उंचवट्यावरून.

रताळ्यासारखं दिसणारं काहीही रताळं समजून घेऊ नये, कारण या एका चेहऱ्यामागे चार-पाच अगदी वेगळी झाडं आहेत. कापून बघितलं की ती वेगळी होतात. याकॉन रसरशीत, कुरकुरीत, गोड असतं आणि कापल्यावर पटकन काळवंडतं. ते कच्चंच छान लागतं आणि काही दिवस उन्हात ठेवलं की अधिक गोड होतं. कसाव्याची साल झाडाच्या बुंध्यासारखी तपकिरी आणि खडबडीत, तिच्याखाली आणखी एक गुलाबीसर थर, आत पांढराशुभ्र टणक गर आणि मधोमध धाग्यासारखी शीर. कसावा कच्चा कधीही खायचा नाही. त्यात लिनामारिन असतं आणि पेशी फुटल्या की त्यातून सायनाइड सुटतं. गोड वाणांसाठी दोन्ही थर सोलून, तुकडे करून, भरपूर पाण्यात झाकण न ठेवता पूर्ण मऊ होईपर्यंत उकळायचं आणि ते पाणी ओतून द्यायचं. कडू वाणांना एवढं पुरत नाही. ते किसून, भिजवून, आंबवूनच वापरतात, तेव्हा वाण कोणता हे विकणाऱ्याला विचारल्याशिवाय घेऊ नये. कापलेल्या गरात निळसर-काळ्या रेषा दिसल्या तर तो शिळा आहे. काढल्यानंतर दोन-तीन दिवसांतच हा बिघाड सुरू होतो, म्हणूनच दुकानातल्या कसाव्यावर पुष्कळदा मेणाचा लेप असतो.

अळूच्या वर्गातला कंद अंगावरच्या कड्या आणि तंतुमय केसांवरून कळतो. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटच्या सूक्ष्म सुया असतात. सोलताना हात खाजतात आणि अर्धवट शिजला तर घसा. हाताला तेल लावून सोलावा आणि मनासारखा मऊ झाल्यावरही थोडा वेळ आणखी शिजवावा. काळ्या सालीची, पेन्सिलीसारखी लांब मुळं सोलताना पांढरा चीक निघाला तर ते स्कॉर्झोनेरा. त्याचा चीक हाताला आणि सुरीला चिकटतो, म्हणून आधी सालीसकट उकडून मग सोलणं शहाणपणाचं.

पालेभाज्यांबद्दल थोडक्यात. पान चुरगळून वास घ्यावा आणि देठ आडवा मोडून बघावा. चौकोनी खोड आणि समोरासमोर पानं असतील तर बहुधा पुदिना-तुळशीचं कुळ. मोडल्यावर पांढरा चीक आला तर लेट्यूस-चिकोरीची बाजू. मोहरीसारखा झणका आला तर कोबी-मुळ्याची. पानांची विभागणी गाजराच्या किंवा कोथिंबिरीच्या पानासारखी असेल आणि माल शेतातला नसून रानातून खुडलेला असेल, तर मात्र स्वतःच्या हुशारीवर घेऊ नये. हेमलॉक त्याच कुळातलं आहे आणि प्राणघातक आहे. तिथे चाखून बघणं ही चाचणी नव्हेच.

फोन काढण्याआधी विकणाऱ्याशी बोलावं. त्याने ते पिकवलेलं असतं, आणि हेच या बाजाराचं वैशिष्ट्य. बहुतेक गिऱ्हाइकं ‘हे काय?’ एवढंच विचारतात आणि एक नाव घेऊन घरी जातात. नावाने फार काही साधत नाही. एकच नाव दोन झाडांना आणि एका झाडाला दहा नावं हा रोजचाच प्रकार. त्यापेक्षा विचारावं: वेलावर येतं, झुडपावर, झाडावर की जमिनीत? फूल कसल्या रंगाचं? तोडायची वेळ झाली हे तुम्हाला कशावरून कळतं? कुठला भाग टाकून देता? कच्चं खाता का? शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं न अडखळता आली, तर माणूस ते स्वतः खातो असं धरायला हरकत नाही. उत्तर ‘खातात म्हणे’ असं आलं तर पिशवी बंदच ठेवावी. आणखी एक विचारण्यासारखं: बियाणं पाकिटातलं की घरचं? शक्य असेल तर पाकिटावरचं शास्त्रीय नाव लिहून घ्यावं. ते एकदा हाती आलं की पुढचा शोध पाच मिनिटांचा.

फोनवरच्या ओळख सांगणाऱ्या अ‍ॅपबद्दल माझं मत बरं आहे, पण अट अशी की छायाचित्र नीट काढावं. सुट्या फळाचा एक वरून घेतलेला फोटो म्हणजे अ‍ॅपला अंदाज करायला लावणं. पान आणि फूल असलेली फांदी मिळाली तर उत्तर कितीतरी खात्रीचं येतं, म्हणून शेतकऱ्याकडे तिचा फोटो आहे का ते विचारावं. फळाचे चार फोटो हवेत: देठाचं टोक, फुलाचं टोक, आडवा काप, आणि धुतलेली बी. प्रत्येकात शेजारी नाणं ठेवावं, कारण वाटाण्याएवढं आणि नारळाएवढं फळ फोटोत सारखंच दिसतं. अ‍ॅपने जे नाव दिलं त्याच्या कापाचं चित्र शोधून आपल्या कापाशी ताडून बघितल्याशिवाय ते मान्य करू नये. मी अ‍ॅपचं उत्तर एवढ्यापुरतंच वापरतो: आता काय पडताळायचं, हे ते सांगतं.

बरोबर ओळखलेली वस्तूही चुकीच्या अवस्थेत किंवा चुकीच्या भागामुळे त्रास देते, आणि माझ्या मते खरे अपघात इथेच जास्त होतात. टोकदार हाचिया पर्सिमन कडक असताना चावलं तर टॅनिनमुळे तोंड कोरडं ठक्क पडतं. ते लिबलिबीत होऊ द्यावं लागतं, चपटं फुयू मात्र कडक असतानाच खातात. इथे फक्त तोंड वाकडं होतं. अ‍ॅकीच्या बाबतीत जीव जाऊ शकतो. कच्च्या अ‍ॅकीत हायपोग्लायसिन असतं, ते रक्तातली साखर खाली पाडतं. फळ झाडावरच आपोआप उघडलेलं हवं, आणि काळी बी व गुलाबी पडदा टाकून फक्त पिवळसर गर शिजवायचा. मॉन्स्टेराचं मक्याच्या कणसासारखं फळ खवले स्वतःहून गळतील तेवढंच खायचं. खवला ओढून काढावा लागला तर खालचा भाग अजून अळूसारख्याच सुयांनी भरलेला आहे. हिकामाचा पांढरा कुरकुरीत कंद कच्चा खातात, पण त्याच वेलाच्या शेंगा आणि बिया विषारी. राजमा जातीचे अनोळखी रंगीत दाणे निदान पाच तास भिजवून, ते पाणी फेकून, नव्या पाण्यात किमान दहा मिनिटं खळखळा उकळावेत आणि मग मऊ होईस्तोवर शिजवावेत. मंद आचेच्या भांड्यात ते थेट टाकले तर त्यांतलं लेक्टिन हे विषारी प्रथिन नष्टच होत नाही. स्टारफ्रूट निरोगी माणसाला चालतं, मूत्रपिंडाचा विकार असलेल्याला मात्र एखादं फळही गंभीर आजारी पाडू शकतं. पपनसाच्या जवळची फळं काही औषधांचं रक्तातलं प्रमाण वाढवतात, तेव्हा रोजच्या गोळ्या चालू असतील तर आधी डॉक्टरांना विचारावं.

एवढं सगळं जमून आलं की पहिल्यांदा एकच नग घ्यावा, किलोभर नको. फळ असेल तर ते तोडल्यावर पिकणारं आहे का, हे विचारून ठेवावं. अ‍ॅव्होकाडो आणि फेइजोआ घरी मऊ होतात, लिची आणि लिंबूवर्गीय फळं तोडली तशीच राहतात. पहिल्या दिवशी दोन घास खावेत, तेही एकट्याने नव्हे आणि दुसऱ्या कुठल्या नव्या पदार्थासोबत नव्हे. ज्यांना रबराच्या हातमोज्यांची अ‍ॅलर्जी आहे त्यांना केळं, किवी, अ‍ॅव्होकाडो, पपई यांचाही त्रास होऊ शकतो, म्हणून अशांनी नव्या फळाच्या बाबतीत आणखी सावध राहावं. ओठांना मुंग्या आल्या किंवा घसा खवखवला तर तिथेच थांबावं आणि उरलेला तुकडा पिशवीत घालून फ्रीजमध्ये ठेवावा, फेकू नये. त्रास वाढून दवाखान्यात जावं लागलं तर डॉक्टरांना तोंडी वर्णनापेक्षा तो तुकडा जास्त उपयोगी पडतो.